चार बोटं जास्त

बाबूरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बास्केटबॉलच्या मैदानावर. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, टोपी काढून कठड्यावर ठेवलेली. दोन्ही हातांत चेंडू धरून, बादलीतलं पाणी अंगणात फेकावं तसा त्यांनी तो गुडघ्यांच्या मधून वर फेकला. चेंडू रिंगच्या हातभर खालीच दमला आणि परत आला. बाबूरावांनी तो उचलून पोरांना दिला, टोपी घातली आणि माझ्या शेजारी येऊन गपचूप बसले. मला वाटलं, असेल कुणी हौशी गृहस्थ. नंतर कळलं की हा गृहस्थ अकरा वर्षं रोज एकच चेंडू फेकतो, अकरा वर्षांत त्याचा एकही चेंडू जाळीत गेलेला नाही, आणि म्हणून अकरा वर्षांत खेळाविषयी तो या मैदानावर एक शब्दही बोललेला नाही.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर माणूस वेडसर होता असं वाटायचं. तसं काही नव्हतं. वेडसर असलंच तर सगळं गाव होतं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली जालन्याच्या तहसील कचेरीत झाली. मी मूळचा आष्टीचा, परतूरकडचा. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, पण आम्हा आष्टीकरांना ते मुंबईच्या खालोखाल वाटायचं. जुन्या जालन्यात कापडपेठेच्या मागे एका शाळेचं सिमेंटचं मैदान होतं. बाकी मुलुखात कुस्ती आणि कबड्डी, आणि या दोन-चार गल्ल्यांना मात्र बास्केटबॉलचं खूळ. ते लावलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे करीमभाई. सिकंदराबादला रेल्वेत असताना ते हा खेळ शिकले, निवृत्त होऊन जालन्यात आले आणि बाजारातल्या, गोदामातल्या, शाळेतल्या पोरांना गोळा करून त्यांनी संघ उभा केला. त्यांना प्रशिक्षक वगैरे कुणी म्हणत नसे. उस्ताद म्हणजे उस्ताद.

खेळ आला तसे बघे आले, आणि बघे आले की सल्ले येतातच. कठड्यावर बसलेले पन्नास जण पन्नास गोष्टी ओरडायला लागले तेव्हा उस्तादांनी नियम केला. "पैले जाली में डालो, बाद में बोलो." ज्याला संघाविषयी मत मांडायचं आहे त्यानं रिंगसमोरच्या रेषेवर उभं राहून चेंडू मारायचा. रोज एक संधी. गेला तर त्या संध्याकाळी बोलायची मुभा, नाही गेला तर गप बसायचं. उस्तादांना वाटलं, आता शांतता होईल. झालं उलटंच. बोलण्याच्या हौसेपायी लोक घरामागं टोपली टांगून सराव करायला लागले आणि आमच्या गावात खेळाडूंपेक्षा बोलणाऱ्यांचा नेम चांगला झाला. गंगाधर पानवाला तर दहातले आठ मारायचा. त्याच्या मतांना काडीचा अर्थ नसे, पण नेमाला तोड नव्हती.

या सगळ्यांत नियम मनापासून पाळणारे एकटे बाबूराव. इतर लोक मैदानावर गप बसत आणि बाहेर चहाच्या टपरीवर उट्टं काढत. बाबूराव टपरीवरही बोलत नसत. दुनियेतल्या कुठल्याही गोष्टीवर बोलत. पाऊस, सरकार, जावई, कोणत्या गिरणीचा लट्ठा धुतल्यावर आटतो, सगळ्यावर. संघाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप. कुणी फारच छेडलं तर म्हणत, "आपला चेंडू गेला न्हाई ना अजून. मंग कसं बोलावं?" त्यामुळं त्यांच्याविषयी गावात एक दबदबा तयार झाला होता. सगळ्यांत जास्त खेळ बाबूरावांनाच कळतो, यावर एकमत होतं. न बोलणाऱ्या माणसाचं असंच असतं.

मी कठड्यावर बसायला लागलो आणि अक्षर बरं म्हणून महिनाभरात गुण लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून बाबूराव मला 'लिहिणारे' म्हणू लागले. ते सगळ्यांना कामावरूनच हाक मारत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

त्यांचं स्वतःचं काम मापाचं. पेठेतल्या एका जुन्या कापड दुकानात ते कापड मोजून फाडायला होते. मीटर येऊन वर्षं झाली होती, दुकानात सरकारी शिक्क्याची मीटरपट्टी टांगलेली होती, पण बाबूरावांच्या हाताला लोखंडी गजच लागायचा. गिऱ्हाइकंही गजातच बोलायची. बाबूराव मोजायला लागले की बघत राहावं असं असायचं. गजाच्या टोकाला कापड आलं की डाव्या हाताची चार बोटं पलीकडं आडवी ठेवायची आणि तिथून पुढचा गज धरायचा. म्हणजे दर गजामागं चार बोटं जास्त. सेठ कुरकुरला की म्हणायचे, "सेठ, कमी दिलं तर पाप. जास्ती दिलं तर काय बिघडतं?" सेठही गप बसायचा, कारण अंबड-बदनापूरहून बाया येत आणि "त्या टोपीवाल्या काकांकडूनच फाडून द्या" म्हणून अडून बसत. एकदा एक जण लग्नाचा बस्ता घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. शिंप्यानं सांगितलं, कापड उरलं, त्यात पोराचं झबलं होतंय, ते शिवू का? हा बिचारा विचारायला आला होता की उरलेलं परत करायचं का. बाबूराव म्हणाले, "करा झबलं. पोरगं झालं की दाखवायला आणा." आणि तो खरंच घेऊन आला, वर्षानं.

माणसाकडं पाहतानाही ते मापानंच पाहत. नवा कुणी मैदानावर आला की माझ्या कानात सांगायचे, "सव्वादोन गज. बाही लांब लागंल." दुपारची सुटी न घेता काउंटरमागंच दोन घास खायचे आणि त्या बदल्यात साडेपाचला दुकानातून सुटायचे. सेठला सांगून ठेवलं होतं की साडेपाचनंतर राजा जरी कापड घ्यायला आला तरी मी नाही.

आमचा संघ घरी कुणाला ऐकत नसे. औरंगाबादचे, नांदेडचे, परभणीचे चांगले चांगले संघ येऊन आपटून जायचे. त्यांचे चेंडू रिंगच्या पुढच्या कडीला लागून खाली पडायचे आणि आम्ही कठड्यावर हसायचो. "जालन्याची जाळी पाहुण्याला पावत न्हाई," असं गंगाधर म्हणायचा. पण तोच आमचा संघ बाहेर गेला की त्याचं काहीतरी व्हायचं. तीच पोरं, तेच हात, आणि चेंडू रिंगवरून मागच्या फळीवर आदळून परत. वीस-वीस गुणांनी हरायचो. पाणी बाधतं, प्रवास बाधतो, पंच त्यांचे असतात, असं सगळं बोलून झालं. शेवटी बोट फिरत फिरत उस्तादांकडं आलं. म्हातारे झाले, नवीन काही शिकवत नाहीत, असं लोक म्हणायला लागले. त्यांच्या तोंडावर नव्हे, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

परभणीच्या सामन्याला त्या वर्षी बाबूराव आमच्याबरोबर आले. बाहेरगावी यायची त्यांची पहिलीच वेळ. सकाळचा सामना आम्ही नेहमीसारखा हरलो. पोरं कपडे बदलत होती तेव्हा मी पाहिलं, बाबूराव त्या रिंगखाली जाऊन एकटेच उभे होते. मान वर करून, हात वर धरून, बराच वेळ. मला वाटलं, इथं कुणी ओळखीचं नाही म्हणून चेंडू मारून बघणार. पण त्यांनी चेंडूला हातसुद्धा लावला नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये उस्ताद खिडकीशी डोळे मिटून बसले होते. पोरं शेंगा खात होती. बाबूराव मला दाराशी घेऊन गेले आणि म्हणाले, "लिहिणारे, एक सांगतो. लिहू नका."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तेरा वर्षांपूर्वी मैदानावर खांब उभे करायचे होते. उस्तादांनी मिस्त्रीला सांगितलं, रिंग जमिनीपासून दहा फूट हवी. मिस्त्रीची टेप तुटलेली. कुणीतरी म्हणालं, पेठेत बाबूरावांसारखं माप कुणाचं आहे? त्यांनाच बोलवा. बाबूराव गज घेऊन गेले. आडव्या ठेवलेल्या पाइपावर त्यांनी तीन गज, म्हणजे नऊ फूट, आणि वर एक फूट मोजलं आणि खडूनं खूण केली. दोन्ही खांबांवर.

"अन् हाताला सवय," ते म्हणाले. "दर गजामागं चार बोटं."

मी मनात हिशेब करायच्या आधीच त्यांनी हाताचा पंजा ताणून माझ्यासमोर धरला. तीन चोक बारा. बारा बोटं म्हणजे एक वीत. आमच्या रिंगा एक वीत उंच होत्या. तेरा वर्षं आमची पोरं एका वितेनं उंच असलेल्या जाळीत चेंडू टाकायला शिकली होती आणि बाहेर गेली की त्याच इमानानं वीतभर वरून मारत होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"वरीस झालं. खरात गुरुजींमुळं."

उत्तम खरात हा आमच्या संघातला जुना खेळाडू. वाटूरच्या शाळेत शिक्षक होता आणि आठवड्यातून तीन दिवस एसटीनं मैदानावर यायचा. औरंगाबादला कॉलेजात असताना तो तिथल्या मैदानावर बास्केटबॉल खेळला होता. वर्षापूर्वी त्यानं बाबूरावांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाबूराव, आपली रिंग उंच वाटते. मोजली व्हती ना बराबर?" बाबूरावांना राग आला होता. मी मोजलीय म्हणाले. पण रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी मीटरपट्टी आणि बांबू घेऊन ते मैदानावर गेले आणि खांबाला लावून पाहिलं. आठ दिवसांनी गुरुजींनी परत विचारलं, "एकदा सगळ्यांसमोर मोजून घेऊ का?"

"मी म्हणलो, मोजली परत. बराबर हाय." बाबूराव बाहेरच्या शेतांकडं पाहत बोलत होते. "गुरुजी म्हणले, तुम्ही म्हणता तर असंल. बस. एवढंच. माझ्या मापावर त्यांनी इसवास ठेवला. परभणीला आल्तो ते डोळ्यानं पाहावं म्हणून. वाटलं, त्यांचीच रिंग कमी भरंल."

मी म्हणालो, "मग आता उस्तादांना सांगा."

"कसं सांगू? चेंडू कुठं गेलाय अजून?"

मला त्यांचा संताप आला. या माणसाविषयी मला फार आदर होता, आणि तेवढाच संताप आला. "बाबूराव," मी म्हणालो, "तुम्ही नियम पाळत नाही, नियमामागं लपून बसताय." ते पार जालन्यापर्यंत दाराशी उभेच राहिले.

त्याच आठवड्यात उस्तादांनी शिट्टी काढून मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात दिली. अध्यक्ष म्हणजे धान्याच्या मोंढ्यातले एक आडते, भला माणूस, खेळातलं काही न कळणारा. "नया आदमी देखो," एवढंच उस्ताद म्हणाले. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी मैदानावर बैठक घेऊन नवा उस्ताद ठरवायचा असं ठरलं, आणि गावाला काम मिळालं.

तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. दोन नावं होती. एक देशमुख सर, शाळेचे पीटीचे शिक्षक. त्यांच्याकडं सरकारी कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि आवाज असा की कवायत इकडं आणि पारवे तिकडून उडायचे. आम्ही बाहेर का हरतो यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: पोरांच्या पायात दम नाही, पळवा. दुसरे खरात गुरुजी. त्यांना गंगाधरनं टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "गुरुजी, आपण बाहेर का हरून राह्यलो?" तर ते म्हणाले, "खरं सांगू का, मला माहीत न्हाई. शोधावं लागंल." या उत्तरावर त्यांची निम्मी मतं गेली. माहीत नाही म्हणणारा माणूस उस्ताद कसा होणार?

उरलेली निम्मी एसटीनं खाल्ली. गुरुजी वाटूरहून येणार, गाडी चुकली तर? फाट्यावर थांबलीच नाही तर? पावसात नाला भरला तर? जन्मात वाटूरला न गेलेल्या लोकांना परतूर-जालना गाड्यांचं वेळापत्रक पाठ झालं. गाडी हे निमित्त होतं. गुरुजी बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर वस्तीबरोबर धम्म घेतला होता. संघात ते खेळत, गुण करत, तोवर सगळे त्यांच्या पाठीवर थाप मारत. पण शिट्टी त्यांच्या हातात जाणार आणि पेठेतली पोरं त्यांचं ऐकणार, हे काही जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तसं कुणीही बोललं नाही. सगळे गाडीविषयीच बोलले. गुरुजींना हे कळत नव्हतं असं नाही. ते आपले येत, सराव करत, मामाकडं मुक्काम करून सकाळच्या गाडीनं शाळेला जात.

आणि या तीन आठवड्यांत बाबूराव रोज चेंडू फेकत होते. मी बारकाईनं पाहत होतो. एखाद्या दिवशी वाटायचं, मुद्दाम कमी जोर लावताहेत. एखाद्या दिवशी तोंड लाल होईस्तोवर फेकायचे. चेंडू जायचा नाही, ते कठड्यावर यायचे आणि माझ्याकडं न पाहता बसायचे. माझंही काही फार चांगलं चाललं नव्हतं. मला माहीत होतं आणि मीही गप होतो. ते दुसऱ्याचं गुपित आहे अशी मी माझी समजूत घालत होतो.

रविवारी सकाळी मैदान भरलं. उस्तादांना शाळेतली खुर्ची आणून बसवलं होतं. एकेक जण रेषेवर जाऊन चेंडू मारत होता. ज्याचा गेला तो बोलत होता. गंगाधरनं सगळ्यांत आधी मुभा मिळवली आणि पाव तास देशमुख सरांवर बोलला. दोघं-तिघं गुरुजींच्या बाजूनं बोलले, पण दबून. वारं कुठं वाहतंय ते दिसत होतं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं तेव्हा बाबूराव उठले. त्यांनी टोपी काढली, या खेपेला कठड्यावर न ठेवता माझ्या हातात दिली.

लोकांना खरोखर ऐकायचं होतं. इतक्या वर्षांचं मौन सुटणार, म्हणून पोरंसुद्धा "बाबूराव, बाबूराव" करायला लागली. त्यांनी सोगा खोचला, चेंडू धरला, बराच वेळ वर पाहिलं आणि फेकला. तो इतका चांगला गेला होता की मी टोपी हातात धरून उभाच राहिलो. रिंगच्या कडीला खालून लागला आणि परत आला.

लोक हळहळले. अध्यक्ष म्हणाले, "चला मंग, आता मतं घेऊ."

बाबूराव रेषेवरून हलले नाहीत. "मला बोलायचंय."

"चेंडू गेला न्हाई!" गंगाधर ओरडला. "नियम म्हंजे नियम!"

"व्हय. आज मोडून राह्यलो," बाबूराव म्हणाले. त्यांचा मोठा आवाज या मैदानावर कुणी ऐकला नव्हता. तो बारीक आणि चिरका निघाला. "उस्ताद, तुमचं काई चुकलं न्हाई. पोरांचंबी न्हाई. रिंग मी मोजली व्हती. एक वीत जास्ती हाय. गजामागं चार बोटं धरली, कापडाला धरतो तशी. वरीसभर मला ठावं हाय अन् मी गप बसलो. जल्मभर म्हणत आलो, जास्ती दिल्यानं काय बिघडतं. बिघडतं. लई बिघडतं."

कुणाला आधी कळेचना. मग देशमुख सर तावातावानं ऑफिसात गेले आणि टेप घेऊन आले. खरात गुरुजी स्टुलावर चढले, सरांनी खाली टोक धरलं. गुरुजींनी आकडा वाचला आणि टेप परत लावून पाहिली. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "दहा फूट नऊ इंच." दुसऱ्या खांबाचंही तेच निघालं, तंतोतंत. चुकीतही बाबूरावांचं माप दोन्हीकडं सारखं होतं.

मग जो गलका झाला तो सांगण्यासारखा नाही. तेरा वर्षांचे सगळे पराभव लोकांनी त्या माणसाच्या डोक्यावर ओतले. बाबूराव उभे होते. ते खाली मान घालतील असं मला वाटलं, पण ते उस्तादांकडं पाहत होते.

उस्ताद खुर्चीतून उठले. "तेरा साल मैं पोट्टों के हात सुधार रा था, बाबूराव," ते म्हणाले. "खोट खंबे में थी." रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी घाईनं शिट्टी पुढं केली, "उस्ताद, आता तर तुम्हीच राहा." उस्तादांनी मान हलवली. "नै. मेरे कू भी तो दिखा नै ना." मग देशमुख सरांकडं आणि गुरुजींकडं पाहून त्यांनी बाबूरावांना विचारलं, "तेरे कू कैसा पता चला?"

"खरात गुरुजींनी इचारलं व्हतं. दोनदा. दुसऱ्या बारीला मी त्यांना खोटं सांगितलं."

हे सांगायला त्यांना पहिल्यापेक्षा जड गेलं. गुरुजी अजून स्टुलावरच उभे होते.

"तो फिर जिसने पूछा, उस कू देव," उस्ताद म्हणाले आणि चालायला लागले.

देशमुख सरांनीच पहिली टाळी वाजवली, हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवतो. तरी गंगाधरनं शेवटचा प्रयत्न केलाच. "अन् वाटूरची गाडी चुकली तर?"

"गाडीचं मी पाहतो," बाबूराव म्हणाले.

पुढचे काही महिने त्यांना फार जड गेले. पेठेत पोरं मागून ओरडायची, "काका, मीटरनं मोजा!" गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत, पण त्यांचा हात बिघडला. ते पट्टी लावून काटेकोर मोजायला लागले, एक सूत इकडं नाही की तिकडं नाही, आणि दोन-दोनदा मोजायचे. मी एकदा दुकानात बसलो असताना उस्ताद आले. त्या रविवारनंतर दोघं भेटले नव्हते. उस्तादांनी पायजम्याचं कापड मागितलं. बाबूरावांनी ते मीटरपट्टीनं मोजलं, कात्री उचलली. उस्तादांनी कात्रीवर हात ठेवला. "बोटां कां गए?" बाबूरावांनी कात्री खाली ठेवली. "मेरे कू पूरा देव, जैसा देते थे वैसा," उस्ताद म्हणाले. बाबूरावांनी कापड परत पसरलं, चार बोटं आडवी ठेवली आणि फाडलं. उस्ताद गेल्यावर बाबूराव मागच्या गोदामात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

रिंगा खाली आल्या आणि आमचा संघ आता घरीही हरायला लागला. तेरा वर्षांची सवय मोडायला वेळ लागणारच. गुरुजींनी आणखी एक केलं, उस्तादांचा नियम बंद केला. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. आणि मग गावाला जो धक्का बसला तो रिंगच्या धक्क्यापेक्षा मोठा होता. बाबूराव बोलायला लागले, आणि कळलं की त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. उंच पोराला मागं ठेवा, चेंडू जास्त आपटू नका, झिजतो, दमलेल्याला बदलू नका, त्याला वाईट वाटतं. इतकी वर्षं आम्ही ज्या शहाणपणाला मान देत होतो ते हे! गंगाधर तर हसून हसून लोळला. गुरुजी मात्र प्रत्येक सल्ला शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, "बराबर हाय, बाबूराव" म्हणायचे आणि पोरांना वेगळंच सांगायचे.

पुढच्या वर्षी परभणीला आम्ही जिंकलो, असं लिहायला मला आवडलं असतं. हरलो. पण चार गुणांनी हरलो, आणि चेंडू जाळीत जाताना दिसत होते. येताना गाडीत पोरं गात होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी दुकानात जाऊन बाबूरावांचा निरोप घेतला होता. त्यांनी मला शर्टाचं कापड दिलं आणि "बाही लांब शिवा, लिहिणारे" म्हणाले. संध्याकाळी साडेपाचनंतरची माझी एसटी होती. मी खिडकीत बसलो तेव्हा बाबूराव स्टँडवर दिसले. मला वाटलं, मला पोचवायला आले. मी हात हलवला, हाकही मारली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते फलाटाच्या टोकाला, ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून कपाळावर हात धरून रस्त्याकडं पाहत उभे होते. खिडकीखाली उभा असलेला हमाल म्हणाला, "ते व्हय? आठवड्यातून तीन दिवस येत्यात. वाटूरचे गुरुजी उतरले की संगं घेऊन जात्यात. गाडीला उशीर झाला तर कंट्रोलरचं डोकं खात्यात."

आमची गाडी हलली तेवढ्यात समोरून परतूरची गाडी धुरळा उडवत आत आली. बाबूराव पळाले. त्या वयात, धोतर सावरत, गाडी थांबायच्या आधी ते दारापाशी पोचले. खरात गुरुजी उतरले, आणि बाबूरावांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.